फुफ्फुसांची वाटणी

धनपाल मगदूम याच्या फुफ्फुसांची वाटणी झाली, त्या दिवशी त्याच्या आईने चूल पेटवली नाही.

घरात गॅस होता, विजेची शेगडी होती. पण भाकरी चुलीवरचीच, हा सुगंधाबाईंचा जन्माचा हट्ट होता. त्या दिवशी त्यांनी परसातल्या चुलीतली राख भरून काढली, तिच्या तोंडाला दोन विटा लावल्या आणि वर पालथे घमेले ठेवले. दिवस मावळायच्या आत जेवून उठणाऱ्या त्या जैन घरात त्या दिवशी कोणी ताटावर बसलेच नाही. निकाल ऐकून पुण्याहून धावत आलेली धाकटी लेक, डॉक्टर सुनीती, परसात येऊन उभी राहिली.

"आई, चूल का बुजवलीस?"

"तुझ्याच मशिननं सांगितलं न्हवं? एकावन्न टक्के घरचा धूर, चव्वेचाळीस कारखान्याची वाळू, बाकीचं सटरफटर. घरचा धूर म्हंजे कुणाचा? चुलीम्होरं दुसरं कोण बसत होतं?"

"आई, तसं नसतं ते."

"मग कसं असतं? तू शिकलीस, तू सांग."

ओसरीवर खुर्चीत बसलेला धनपाल हसला. "आई, गप की आता. चव्वेचाळीस म्हंजे काय कमी हाय? मी शाळंत पस्तिसाच्या वर कधी गेलो न्हवतो." त्या हसण्याचा खोकला झाला आणि तो संपेपर्यंत दोघीही त्याच्याकडे न पाहता उभ्या राहिल्या. या घरात ही एक नवी रीत पडली होती.

धनपाल एकेकाळी तालमीतला मल्ल होता. वडील गेल्यावर लंगोट खुंटीला लावून तो वज्रेश कास्टिंग्ज या फाउंड्रीत फेटलिंगला लागला. फेटलिंग म्हणजे साच्यातून निघालेल्या लोखंडी भागाला चिकटलेली वाळू घासून, ठोकून काढणे. या कामात वाळूचा इतका बारीक धुरळा होतो की तो डोळ्यांना दिसत नाही आणि छातीतून परत निघत नाही. धनपालने तो तीस वर्षे घेतला. त्या तीस वर्षांत सुनीती भौतिकशास्त्र शिकली, परदेशी जाऊन आली, आणि जगाने जिची दखल घेतली अशी एक गोष्ट तिने शोधून काढली.

ती गोष्ट समजायला अवघड नाही. साधा एमआरआय शरीरातल्या पाण्याकडे पाहतो. पाण्यातल्या हायड्रोजनची अणुकेंद्रे चुंबकाला उत्तर देतात आणि त्या उत्तरांचे चित्र होते. फुफ्फुसात पाणी थोडे, हवा फार. म्हणून त्या चित्रात फुफ्फुसाच्या जागी वर्षानुवर्षे दोन काळ्या पोकळ्या दिसत आल्या. मग झेनॉन आला. हा वायू निरुपद्रवी आणि अलिप्त. लेझरच्या साहाय्याने त्याची अणुकेंद्रे कवायतीतल्या शिपायांसारखी एका दिशेला वळवली, की त्याचा संकेत हजारो पटींनी मोठा होतो. रुग्णाने नेहमीसारखा श्वास सोडायचा, एक लिटरची पिशवी ओढायची आणि दहा सेकंद श्वास रोखायचा. तेवढ्यात झेनॉन हवेतून वायुकोशांच्या पातळ पडद्यात शिरतो, पडद्यातून रक्तात जातो, आणि तिन्ही ठिकाणी वेगवेगळ्या सुरात बोलतो. हवा कुठे पोचत नाही, पडदा कुठे जाड झाला आहे, रक्त कुठे वायू उचलत नाही, हे सगळे ना सुई, ना क्ष-किरण, केवळ एका श्वासात कळते.

इथवरचे श्रेय इतरांचे. सुनीतीने पुढचा प्रश्न विचारला: हे कोणी केले? वाळू पडदा जाड करते. धूर श्वासाच्या वाटा अरुंद करतो आणि हवा कोंडून ठेवतो. प्रत्येक गुन्हेगाराच्या हाताचे वळण निराळे. हजारो छात्यांची चित्रे शिकवल्यावर तिची संगणकप्रणाली एका फुफ्फुसातल्या बिघाडाचे वाटेकरी टक्केवारीने सांगू लागली. कारखानदार पिढ्यानपिढ्या ज्या खोकल्याला 'कामगारांची जुनी बिडी' म्हणत आले, तो वाळूचा आहे याला आता पुरावा मिळणार होता. सुनीतीने हे यंत्र संतापातून घडवले होते, आणि संतापातून घडवलेल्या वस्तूंचे जे होते तेच त्याचेही झाले: ते सरकारला फार आवडले.

कायदा झाला. फुफ्फुसाचे अस्तर रुग्णाच्याच पेशींतून पुन्हा वाढवणारा उपचार तोवर निघाला होता. तो कोणी करून द्यायचा, हे यंत्राने ठरवायचे. बिघाडात कारखान्याचा वाटा निम्म्याहून अधिक असेल तर कारखान्याने, नसेल तर ज्याचा त्याने; वाद उठला तर सरकारी मंडळाने निवाडा करायचा. कायद्याला आकडे आवडतात, कारण आकड्यांना खोकला येत नाही. कायद्याच्या मसुद्यात या व्यवस्थेला 'दायित्व-मापन' असे भारदस्त नाव होते. कोल्हापूरच्या लोकांनी बांधावरून भांडणाऱ्या भाऊबंदांची आठवण ठेवून तिला वाटणी म्हटले, आणि मसुदा लिहिणाऱ्यांपेक्षा ते अधिक नेमके बोलले.

सुनीतीने रात्री भावाच्या चाचणीचा कच्चा संकेत उघडला. पडद्यांचा संकेत फिका होता. वाळूने भरलेल्या छातीत तो गडद असायला हवा. एकच कारण संभवत होते: फुफ्फुस प्रमाणापेक्षा अधिक फुगलेले होते. फुगा ताणला की त्याची कातडी पातळ होते, तसे फुगलेल्या फुफ्फुसात जाड पडदेही पातळ भासतात. धुराने कोंडलेले भाग मात्र तसेच्या तसे दिसतात. म्हणजे छाती अधिक भरली, की वाळूचा वाटा घटतो आणि धुराचा वाढतो.

पण मग प्रणालीने हे फुगणे पकडले का नाही? सुनीतीने धनपालच्या छातीचे आकारमान पाहिले. प्रणालीच्या लेखी ते या जिल्ह्यातल्या पुरुषाला साजेसेच होते.

दुसऱ्या दिवशी ती फाउंड्रीच्या आवारातल्या चाचणी केंद्रात गेली. बाहेरच्या दालनात दहाबारा कामगार बाकांवर बसले होते. भिंतीवरच्या खुंटीला एक भगवा फेटा टांगलेला होता आणि त्याखालच्या फळ्यावर खडूने 'सर्वांत लांब दम' आणि एक नाव लिहिले होते. इतक्यात आतल्या दारातून धनपालचा जोडीदार, हिंदुराव पोवार, छाती पुढे काढून बाहेर आला. बाकांवर कालवा उठला.

"किती रं?"

"एकोणीस सेकंद!" हिंदुराव ओरडला. "ती पोरगी आतनं म्हणती, काका सोडा, झालं. म्हटलं, तुझं झालं असंल, माझं अजून हाय!"

"फेटा गेला रं आमचा!"

हिंदुरावाला सुनीती दिसली, तसा तो वरमला. "ताई, तुम्ही? धनपाल कसा हाय? माझं बघा, अठ्ठावन्न टक्के निघालं कारखान्याचं. पुढल्या महिन्यात उपचाराला जायाचं. ही जायाच्या आधीची शेवटची तपासणी."

"हिंदुरावदादा, पिशवी ओढायच्या आधी श्वास सोडायला सांगतात ना तुम्हाला?"

"सांगत्यात की."

"मग सोडता?"

हिंदुराव आजूबाजूला पाहून हसला, जणू तिने लहान मुलाने विचारावा तसा प्रश्न विचारला होता. "ताई, रिकाम्या छातीनं मशिनम्होरं जायाचं? आखाड्यात कुणी पोट सोडून उतरतं काय? सोडल्यासारखं करायचं. नाकाला चिमटा लावायच्या आधी हळूच भरून घ्यायची, मग पिशवी वरनं. ज्याची छाती पहिल्या झटक्याला बसली, त्याला ह्या बाकड्यावर जागा न्हाई."

"सगळे असंच करतात?"

"सगळे. पहिल्या सर्व्हेपासनं. धनपालनंच तर दावलं आम्हाला."

पहिला सर्व्हे सुनीतीचाच होता. प्रमाण छाती किती, हे ठरवण्यासाठी तिने याच भागातले निरोगी पुरुष मोजले होते, आणि त्यांच्या छात्या देशाच्या सरासरीहून बऱ्याच मोठ्या निघाल्या तेव्हा तिला आश्चर्य वाटले नव्हते. वाटला होता तो अभिमान. 'या प्रदेशातील व्यायामपरंपरेचा हा परिणाम असावा,' असे एक वाक्य तिने शोधनिबंधात घातले होते. परदेशी परीक्षकांनी त्यावर प्रश्न विचारला, तेव्हा तिने त्यांना तालमींवर दोन परिच्छेद लिहून पाठवले होते. माणसाने आपल्या मुलखाबद्दलची एक आवडती दंतकथा खरी मानली, आणि ती यंत्राच्या मुळाशी जाऊन बसली. त्यानंतर यंत्र कधी चुकले नाही. ते त्या दंतकथेच्या मापाने अचूक मोजत राहिले.

तिने फुगवटा वजा करून धनपालचा हिशेब पुन्हा केला. वाळू त्रेसष्ट. घरचा धूर एकोणतीस.

फाउंड्रीचे वैद्यकीय सल्लागार डॉक्टर निरंजन केळवकर एकेकाळी शाळेत तिच्याच वर्गात होते. त्यांनी तिचे स्वागत जुन्या स्नेह्याचे करतात तसे केले. टेबलावर तिचाच शोधनिबंध होता, पेन्सिलच्या खुणांनी भरलेला.

"हा मी तीन वेळा वाचला, सुनीती. तळटीपांसकट. फुफ्फुस जास्त फुगलं तर पडद्याचा संकेत फिका पडतो, हे तू सातव्या पानावर स्वतःच लिहिलं आहेस. किती प्रामाणिक असावं माणसानं!"

"तुला माहीत होतं."

"मला शंका होती. शंका हा पुरावा नसतो."

"आणि तो फेटा?"

"ती व्यवस्थापनाची कल्पना. कामगारांचा उत्साह वाढावा म्हणून. मी केवळ विरोध केला नाही." केळवकरांनी चहाचा कप तिच्यापुढे सरकवला. "आम्ही कोणाला छाती भरून घे म्हटलं नाही. आमच्या सूचना ध्वनिमुद्रित आहेत, शुद्ध मराठीत आहेत. ऐकायचं की नाही, हे ज्यानं त्यानं ठरवावं."

"मी मंडळापुढे जाते. सगळ्या चाचण्या नव्याने व्हायला हव्यात."

"जरूर जा. पण त्याआधी हस्तक्षेपाचं कलम वाच. तूच सुचवलेलं."

ते तिला पाठ होते. पहिल्या चाचण्यांच्या वेळी काही मालक कामगारांना आधी श्वासनलिका रुंदावणारा फवारा देत. त्यावर उपाय म्हणून तिने लिहिले होते की ज्या पक्षाकडून चाचणीत हस्तक्षेप होईल, त्या पक्षाचा दावा कायमचा बाद व्हावा. लिहिताना तिच्या डोळ्यांपुढे एकच पक्ष होता. कायद्याच्या डोळ्यांपुढे नेहमी दोन असतात, आणि त्या निःपक्षपातीपणाचा त्याला मोठा गर्व असतो.

"सूचनेविरुद्ध श्वास घेणं हा हस्तक्षेपच," केळवकर मृदूपणे म्हणाले. "धनपाल तर जाईलच. पण ज्यांचे आकडे पन्नासच्या वर आले आहेत, ते हिंदुराव आणि त्यांच्यासारखे दीडदोनशे लोक, तेही जातील. फेरचाचणीची विनंती केलीस तरी तेच. दुसऱ्या खेपेला धनपालनं नीट श्वास घेतला, तर दोन चित्रं शेजारी ठेवून पहिलं खोटं होतं हे कोणीही सांगेल. चहा थंड होतोय."

सुनीतीने तो चहा घेतला नाही. एवढाच विरोध तिला त्या दिवशी करता आला.

धनपालला तिने सगळे सांगितले. एका वाक्याला लागणारा श्वास तो आता जपून वापरत असे.

"म्हंजे आम्हीच आमच्या छातीनं मेलो," शेवटी तो म्हणाला.

"दादा, तू सांगशील तसं करते."

"हिंदुराव जाऊ दे उपचाराला. त्याची पोरगी लग्नाची हाय." तो थांबला, पुन्हा दम गोळा केला. "माझं चुलीवर जाऊ दे. चूल काय कोर्टात जात न्हाई."

"चूल नाही जात. आई जाते. बघितलंस ना तिच्याकडे? तीन दिवस झाले, ती तुझ्या समोर येत नाही."

धनपालने मान खाली घातली. आईला खरे सांगणे म्हणजे गल्लीला सांगणे, हे दोघांनाही ठाऊक होते. सुगंधाबाईंच्या पोटात भाकरी राहत असे, गुपित राहत नसे.

त्या रात्री सुनीतीला वाट दिसली. हिंदुरावाला धक्का न लावता दादाला सोडवणारी, आणि कायद्यात बसणारी. घरचा धूर एकावन्न टक्के असेल, तर त्या धुराच्या तोंडाशी आयुष्यभर बसलेल्या बाईच्या छातीत तो कितीतरी अधिक असायला हवा. आईची चाचणी करा. तिच्या छातीत धूर थोडा निघाला, तर मुलाच्या नावावर टाकलेला घरचा वाटा टिकणार नाही. मंडळाला आकडा सुधारावा लागेल आणि फेट्याचे नावही निघणार नाही. तिने अर्ज केला. केळवकरांनी हरकत घेतली नाही. उलट, 'कुटुंबाच्या भावनांचा आदर राखून' पाठिंबा दिला. तिने तिथेच थांबायला हवे होते. पण आशा हा माणसाच्या बुद्धीचा असा एक कप्पा आहे की जिथे हवा पोचत नाही.

सुगंधाबाईंना तपासणीचे वावडे नव्हते. त्यांना ती शिक्षेसारखी वाटत होती आणि म्हणून हवीच होती. "मला आत घाला," त्या केंद्रातल्या मुलीला म्हणाल्या. "सांग, काय करू?"

"आजी, श्वास सोडा. आता पिशवी ओढा. आता थांबा."

त्यांनी सोडला, ओढला, थांबल्या. त्या यंत्रात शिरलेल्या कोल्हापूरकरांत सांगितल्याबरहुकूम श्वास घेणाऱ्या बहुधा त्या पहिल्याच. काचेपलीकडे उभ्या असलेल्या सुनीतीच्या पडद्यावर आईचे फुफ्फुस रंगात उमटू लागले. वाटा मोकळ्या होत्या. कोंडलेली हवा जवळपास नव्हतीच; उघड्या परसातल्या चुलीचा धूर वाऱ्याने नेला होता. धूर नऊ टक्के.

मग पडद्यांचा सूर आला. गडद, दाट, वरच्या दोन्ही भागांत साचलेला. यंत्राने त्याला नाव द्यायला क्षणही घेतला नाही. फाउंड्रीची वाळू: सत्याऐंशी टक्के.

क्षणभर तिला वाटले, चित्रांची अदलाबदल झाली आहे. आणि मग तिला मागचे दार दिसले. कामावरचे कपडे स्वयंपाकघराच्या जवळपास येता कामा नयेत, असा आईचा सोवळ्याचा नियम. दादा आला की ती त्याचे शर्ट-पँट उंबऱ्यावरच उतरवून घ्यायची, तोंडाला पदरही न लावता मागच्या फरशीवर झटकायची, पुन्हा झटकायची, आणि मग भिजत घालायची. उन्हाच्या तिरिपेत तो धुरळा सोन्यासारखा चमकायचा. अभ्यासाला बसलेली सुनीती तो पाहायची. तिला तेव्हा प्रकाशाच्या विकिरणाचा धडा होता.

मंडळाचा आदेश सुबोध होता. सुगंधाबाई या कामगार नसल्याने कारखान्याचे दायित्व प्रवेशद्वारापाशी संपते. त्यांच्या फुफ्फुसांतील वाळू घरात आणणारी व्यक्ती धनपाल मगदूम. सबब तिचे दायित्व धनपालवर. धनपालच्या फुफ्फुसांतील घरगुती धुराबाबत फेरविचाराचे कारण दिसत नाही, कारण एकाच धुराने दोन व्यक्तींना सारखीच बाधा व्हावी असे विज्ञान सांगत नाही. येथे आधारासाठी डॉक्टर सुनीती मगदूम यांच्या निबंधाचा हवाला दिला होता. सबब ते दायित्व सुगंधाबाईंवर. दोन्ही दायित्वे एकाच घरातली असल्याने ती परस्परांत फिटली असे समजण्यात येत आहे. प्रकरण बंद.

अध्यक्षांनी आदेश वाचून झाल्यावर तिच्याकडे सहानुभूतीने पाहिले. "यंत्राच्या अचूकतेबद्दल तुमचं काही म्हणणं आहे का, डॉक्टर?"

मागच्या बाकावर हिंदुराव बसला होता. धनपालला सोबत म्हणून नव्हे, धनपालच्या वतीने. धनपालला आता जिना चढवत नव्हता. हिंदुरावाच्या पायाशी बांधून तयार असलेली पिशवी होती. दुपारच्या गाडीने तो उपचाराला निघणार होता.

"नाही," सुनीती म्हणाली. "यंत्र अचूक आहे."

ती घरी आली तेव्हा ऊन उतरत होते. ओसरीवर धनपाल खुर्चीत होता, नाकाला प्राणवायूची नळी. सुगंधाबाई, कित्येक दिवसांत पहिल्यांदाच, त्याच्या पायाशी बसल्या होत्या. दोघांचीही तोंडे दाराकडे होती.

"काय निघालं?" आईने विचारले. "माझ्या छातीत काय निघालं?"

सुनीतीने चपला काढल्या. त्याला तिने जितका वेळ लावता येईल तितका लावला. वाळू म्हटले, तर आई सुटत होती. आणि जो माणूस तिच्या शिक्षणासाठी तीस वर्षे वाळूत उभा राहिला, त्याने उरलेले थोडे श्वास आपण आईला मारले हे मनात बाळगत घ्यायचे होते. धूर म्हटले, तर तो सुटत होता. तिसरा शब्द तिच्या प्रणालीत नव्हता. दादा तिच्याकडे एकटक पाहत होता. लहानपणी तिचा निकाल लागायचा तेव्हा पाहायचा, तसाच.

"धूर, आई," ती म्हणाली. "चुलीचाच."

"लई?"

"लई."

सुगंधाबाईंनी डोळे मिटले. मग त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटले, ते समाधान होते हे ओळखायला सुनीतीला थोडा वेळ लागला. त्यांनी मुलाच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"बघ," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं न्हवतं? तुझं काय चुकलं न्हाई, लेकरा. सगळं माझंच."